ट्रेवरचा हात

१

घरातल्या प्रिंटरचा स्वभाव मानी पाहुण्यासारखा असतो. एरवी कोपऱ्यात गप्प बसून असतो आणि नेमकी आपल्याला घाई असली की त्याचं काहीतरी बिनसतं. टिटवीला हे ठाऊक होतं, म्हणून पहिल्या दिवशी तिनं ते हसण्यावारी नेलं.

टिटवी हे काही तिचं खरं नाव नव्हे. तान्ही असताना ती रडायला लागली की सगळी इमारत जागी व्हायची, म्हणून आईनं गमतीनं तसं म्हटलं आणि ते जन्माचं चिकटलं. ही टिटवी आता मोठी होऊन दूरदेशी शिकून आली होती. लहान मुलं वाचायला कशी शिकतात आणि काही मुलं का शिकत नाहीत, हे तिनं तिकडे वर्षानुवर्षं अभ्यासलं होतं. तिथली नोकरी सोडून ती परतली ती एकच गोष्ट डोक्यात घेऊन. घराच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी वर्ग भरवायचा आणि शाळेत मागं पडलेल्या मुलांना बोट धरून वाचायला शिकवायचं. पैसे घ्यायचे नाहीत. समोरच्या काकूंना तिनं हे नुसतं सांगितलं, तर त्यांनी मागच्या गल्लीपर्यंत बोभाटा करून टाकला. येत्या सोमवारपासून मुलं येणार होती.

त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांचे तक्ते छापायचे होते. लॅपटॉपला प्रिंटर सापडत होता. 'जोडला गेला' असंही तो मोठ्या आनंदानं सांगत होता. तक्ता पाठवला की मात्र उत्तर एकच यायचं: प्रिंटर कामात आहे.

पॅसेजच्या टोकाला असलेल्या मागच्या खोलीत तो प्रिंटर होता. टिटवी तिथं गेली. त्याच्या छोट्याशा काचेवर अक्षरं उजळलेली होती. 'दुसऱ्या संगणकाचं काम चालू आहे. कृपया थांबा.'

घरात दुसरा संगणक नव्हता. आईचा होता, पण आई गेल्यानंतर बाबांनी तो भंगारवाल्याला देऊन टाकला होता. त्यालाही आता वर्ष उलटलं होतं.

बाबा प्रिंटरजवळच्या बुटक्या स्टुलावर बसले होते. त्यांचा उजवा तळहात खालच्या ट्रेवर होता.

"इथं काय करताय बाबा?"

"बसलोय," बाबा म्हणाले.

२

आता त्या ट्रेचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आई घरी बसून टायपिंगची कामं करायची. विद्यार्थ्यांचे प्रबंध, वकिलांचे मसुदे, कोणाच्या आठवणी. हॉलमध्ये खिडकीपाशी तिचं टेबल होतं. प्रिंटरच्या खडखडाटानं तिचं डोकं उठायचं, म्हणून तिनं त्याची रवानगी मागच्या खोलीत केली होती. प्रिंटर घेतल्या वर्षीच त्याच्या कागदाच्या ट्रेची खिटी तुटली. ट्रे जागेवर राहीना. मग बाबांनी शोध लावला की कागद आत ओढला जाताना ट्रे तळहातानं दाबून धरायचा, कागद सुटला की किंचित सैल सोडायचा, आणि पुढच्या कागदाला पुन्हा दाबायचा. पुठ्ठ्याची पाचर मारून पाहिली, वीट लावून पाहिली. पण पाचरीला सैल सोडणं जमत नाही, मग लगेच कागद अडकतो. नवा प्रिंटर घेऊ म्हटलं तर आई म्हणायची, घरात धडधाकट माणसं असताना कशाला?

तेव्हापासून या घरात छपाई ही दोघांनी करायची गोष्ट झाली. एकानं हॉलमधून सोडायचं, एकानं मागं धरायचं. आईचा घसा कायम दुखरा. हाका मारणं तिला झेपायचं नाही. ओळ चुकू नये म्हणून ती मूळ कागदावर एक स्टीलची लांब पट्टी ठेवायची. ती पट्टी टेबलाच्या कडेवर एकदा आपटायची: टण्. म्हणजे, सोडतेय. मागच्या खोलीतून ट्रेवर बोटांनी उत्तर द्यायचं: टकटक. म्हणजे, धरलंय.

आणि एक नियम होता. तो कोणी केला आणि कधी केला हे कुणालाच आठवत नव्हतं, पण मोडायची सोय नव्हती. ज्यानं टकटक केली त्याचा हात. एकदा उत्तर दिलं की काम संपेपर्यंत उठायचं नाही, नाक खाजलं तरी नाही. मधेच हात सुटला तर कागद चुरगळायचा. हॉलमध्ये खुर्ची मागं सरकायची आणि आई उठून यायची. येताना ती पट्टी पॅसेजच्या भिंतीला लावून ओढत यायची. तो खरखरणारा बारीक आवाज ऐकला की लहानपणी टिटवी दोन्ही हातांनी ट्रे पुन्हा दाबून धरायची. बाबा कामावर गेले की ट्रे तिच्याकडे असायचा. आई मारायची नाही, रागवायचीही नाही. दारात उभी राहून नुसती बघायची.

३

दुसऱ्या दिवशी टिटवी पदर खोचून कामाला लागली. इतकी शिकलेली मुलगी, एका डबड्यापुढं हात टेकणार थोडीच. तिनं वायरी काढून पुन्हा लावल्या. लॅपटॉपमधून प्रिंटरचं नाव पुसलं, पुन्हा घातलं. इंटरनेटचा डबा बंद करून चालू केला. प्रिंटरचं बटण दाबून सगळं घालवलं आणि तो थंड होईपर्यंत वाट पाहिली. प्रत्येक वेळी काचेवर क्षणभर 'तयार' असा शब्द यायचा. तिचा जीव भांड्यात पडायचा. आणि ती लॅपटॉपकडे वळेपर्यंत पुन्हा तेच: दुसऱ्या संगणकाचं काम चालू आहे.

या सगळ्या वेळात बाबा स्टुलावरून हलले नाहीत. जेवायला बोलावलं तर म्हणाले, इथंच दे. डाव्या हातानं चार घास खाल्ले. त्यांच्याकडे नीट पाहिलं तेव्हा टिटवी चरकली. शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. डोळ्यांखाली काळं साचलं होतं आणि उजव्या मनगटाला सूज होती. फोनवर ते कायम 'मी मजेत' म्हणायचे. त्या वेळी ते या स्टुलावरून बोलत असत, हे तिला आता कळलं.

समोरच्या काकू म्हणाल्या, माणूस गेलं की मागं राहिलेला कुठंतरी अडकतोच. त्यांचे सासरे गेल्यावर सासूबाई कितीतरी दिवस दोन कप चहा करायच्या. "तुझे बाबा निदान साखर तरी वाया घालवत नाहीत," त्या म्हणाल्या.

टिटवीनंही मनाशी तेच पक्कं केलं. हे दुःख आहे. दुःखाला सवयीची खुंटी लागते. ती खुंटी अलगद काढायची, बाबांना थोडे दिवस आत्याकडे पाठवायचं, मोकळी हवा, झाडंझुडपं, वेळेवर जेवण. बाबा सुधारले तर तिच्या परत येण्याला अर्थ होता. तेच हातचे गेले, तर वर्ग घेऊन तरी ती कोणाला काय दाखवणार होती?

संध्याकाळच्या आत दुरुस्तीवाला येऊन गेला. जाडजूड, हसरा माणूस. त्यानं प्रिंटर उघडला, फुंकर मारली, मिटला. "मशीन ठणठणीत आहे ताई. त्याला फक्त तुमचा लॅपटॉप पसंत नाही. स्थळ बदलून बघा." मग पेचकस पिशवीत टाकता टाकता म्हणाला, "हॉलमध्ये त्या टाइप करतायत ना, त्यांचं होऊ द्या आधी. रांग मोकळी झाली की तुमचं येईल."

टिटवी म्हणाली, हॉलमध्ये कोणी नाही.

"मग वरच्या मजल्यावरचा आवाज असेल," तो म्हणाला आणि त्यानं काढता पाय घेतला.

त्याला दारापर्यंत सोडून ती पॅसेजमधून परत येत होती. भिंतीवर कमरेच्या उंचीला आईच्या पट्टीची रेघ होती, वर्षानुवर्षं ओढून ओढून रंगात खोल गेलेली, कडा मळकट झालेली. ती रेघ तिच्या ओळखीची होती. तिच्या बऱ्याच वर, अगदी छताच्या खाली, आणखी एक रेघ होती. तिच्या कडा पांढऱ्या होत्या. जमिनीवर, भिंतीलगत, चुन्याची भुकटी सांडलेली होती.

तिनं हात वर करून पाहिला. टाचा उंचावूनही तिचा हात तिथवर पोचेना. एखादं कपाट आत आणताना घासलं असेल, असं तिनं ठरवलं. कपाट कधी आणलं होतं, हे मात्र तिनं स्वतःला विचारलं नाही.

४

प्रिंटर काय छापतोय हे पाहायचं तिनं ठरवलं. दुपारभर ती बाबांसमोर जमिनीवर बसून राहिली.

बराच वेळ काही नव्हतं. मग बाबांची मान किंचित वळली, जणू पॅसेजच्या त्या टोकाकडून काहीतरी ऐकू आलं. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. बाबांच्या बोटांनी ट्रेवर टकटक केली. प्रिंटर घुरघुरला, कागद आत ओढला गेला आणि वरून बाहेर आला. कोरा. शाई तर कधीचीच संपलेली होती. आणखी एक आला, आणखी एक. गठ्ठा संपला की बाबा डाव्या हातानं तेच कागद गोळा करून पुन्हा ट्रेमध्ये सारत. टिटवीनं एक कागद हातात घेतला. इतक्या वेळा आत-बाहेर झाला होता की धुवून धुवून जुन्या झालेल्या रुमालासारखा मऊ लागत होता.

"बाबा," ती शक्य तितक्या हळुवारपणे म्हणाली, "आई नाहीये आता. मला माहितीये, तुम्हाला तिची आठवण येते. पण असं हात धरून बसल्यानं—"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आठवण नव्हती. टिटवीनं पुस्तकांतून दुःखाचे पुष्कळ चेहरे वाचले होते, पण हा त्यांतला नव्हता.

"आठवणीनं नाही बसलो मी," ते म्हणाले. "मी धरून बसलोय म्हणून ती तिकडे बसून आहे. सोडलं की उठून येईल."

मग बाबाच थोडं थोडं सांगत राहिले, कागद दाबत, सैल सोडत. आई गेली त्यानंतर काही आठवड्यांनी एका दुपारी ते या खोलीत जुने कागद आवरत होते. हॉलमधून टण् झालं. त्यांच्या बोटांनी आपसूक उत्तर दिलं. इतक्या वर्षांची सवय, डोक्याला विचारतं कोण? संगणक त्यांनी त्यानंतर भंगारात दिला. त्यानं काही फरक पडला नाही. एकदा वैतागून ते ट्रे सोडून सरळ बाहेर पडले, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले. मागून आवाज येत होता. आधी जिन्याच्या भिंतीवरून, मग कुंपणाच्या भिंतीवरून. ते मागं न बघता तसेच घरी पळत आले आणि ट्रे धरला.

"पूर्वी चहाला तरी उठायची," बाबा म्हणाले. "आता उठत नाही. काम वाढलंय."

"तुम्ही पाहिलीत तिला?"

बाबांनी चष्मा काढला, गुडघ्यावर घासला, पुन्हा घातला. "एकदा. अर्ध्या पॅसेजपर्यंत आली होती."

"मग?"

"वाकून आली होती," एवढंच ते म्हणाले. "तुझी आई केवढीशी होती, टिटवे. तिला वाकायची काय गरज?"

५

शनिवारी पहाटे, कागदांचा खंड पडलेला असताना, बाबा स्टुलावरून पडले.

डॉक्टरांनी तपासलं. अंगात पाणी नाही, झोप नाही, रक्तदाब रसातळाला गेलेला. हे असंच चाललं तर माणूस हाती लागणार नाही, असं त्यांनी टिटवीला दाराबाहेर नेऊन स्वच्छ सांगितलं. तिनं आत्याला फोन केला. आत्या बाबांची धाकटी बहीण, बोलायला तिखट आणि कामाला वाघ. पाच तासांचा रस्ता कापत ती गाडी घेऊन दुपारपर्यंत हजर झाली. भावाकडे पाहून तिचे डोळे भरले, आणि ते लपवायला तिनं टिटवीलाच फैलावर घेतलं. एवढं शिकून आलीस आणि बापाचं हे मढं झालेलं तुला दिसलं नाही?

सगळा वेळ बाबांचा हात ट्रेकडे जात होता. पलंगावरून तो पोचत नव्हता, तरी जात होता. दोघींनी त्यांना धरून उठवलं. पॅसेजमधून नेताना त्यांनी डोळे मिटून घेतले. आत्याला वाटलं, त्यांना चक्कर येतेय.

"ती माझ्या मागं येईल," ते टिटवीच्या कानाशी पुटपुटले.

"नाही येणार. मी आहे ना इथं."

बाबा थांबले. अंगात त्राण नव्हतं, तरी त्यांनी तिचा दंड असा पकडला की नंतर तिथं वळ उठला. "टकटक करू नकोस. काहीही ऐकू आलं तरी. आजच काकूंकडे राहायला जा. ऐकतेयस ना?"

ती हो म्हणाली. आजारी माणसाला माणूस हो म्हणतो, तसं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि ती घरात आली, तेव्हा खरं सांगायचं तर तिला हलकं वाटत होतं. खुंटी निघाली होती. आता सोमवारपर्यंत तक्ते झाले पाहिजेत.

६

दुपारचं ऊन हॉलच्या फरशीवर पडलं होतं. तिनं आईचं रिकामं टेबल पुसलं, खुर्ची आत सारली आणि नवं शाईचं डबडं काढून ती मागच्या खोलीत गेली. प्रिंटरच्या काचेवर लिहिलेलं होतं: तयार.

ती वाट बघत राहिली. शब्द बदलला नाही.

ती मोठ्यानं हसली. सगळं साधं होतं. बाबांचा हात सारखा ट्रेवर, ट्रेच्या हालचालीनं यंत्राला काम आल्याचा भास होत असणार. तिनं शाई बसवली आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन ती त्या बुटक्या स्टुलावर बसली. तिचे गुडघे छातीशी आले. या स्टुलावर ती शेवटची बसली होती तेव्हा तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. ट्रेमध्ये तिनं नवे कागद घातले. तळहात ट्रेवर टेकवला आणि पहिला तक्ता पाठवायला दुसरा हात उचलला.

हॉलमधून टण् झालं.

आणि तिच्या बोटांनी ट्रेवर टकटक केली.

तिनं ती केली नव्हती. म्हणजे, करायचं असं ठरवलं नव्हतं. लहानपणीच्या कितीतरी दुपारींची बोटं होती ती, ती तिला विचारायला थांबली नाहीत. ती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. काचेवर अक्षरं बदलली: दुसऱ्या संगणकाचं काम चालू आहे. कागद ओढला गेला. शाई भरलेली होती, तरी तो कोराच बाहेर आला.

तिनं चटका बसल्यासारखा हात काढला. ट्रे कलला. आतला कागद करकरत चुरगळला आणि अडकला.

हॉलमध्ये खुर्ची मागं सरकली.

टिटवीनं पटकन प्रिंटरची वायर भिंतीतून ओढून काढली. काच काळी पडली. घुरघुर थांबली. घर इतकं शांत झालं की रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची घंटी ऐकू आली. संपलं, ती मनात म्हणाली. यंत्र होतं, बंद केलं.

मग भिंतीवरून ती खरखर सुरू झाली. सावकाश. पॅसेजच्या त्या टोकाकडून. आईच्या रेघेवरून येत नव्हती ती, वरून येत होती, छताच्या लगत, आणि भिंतीचा चुना टपटप गळत होता. पायांचा आवाज नव्हता. नुसती पट्टी येत होती.

खोलीचं दार उघडंच होतं. टिटवीला उठून ते लावावंसं वाटलं, पण त्यासाठी पॅसेजसमोर जावं लागलं असतं. ती स्टुलावरच बसून राहिली. खरखर चौकटीपाशी येऊन थांबली. दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात, जिथं माणसाचं डोकं असत नाही, तिथं स्टीलच्या पट्टीचं टोक दिसलं. दुपारच्या उजेडात ते चमकलं. त्याच्याखाली चौकट रिकामी होती. मग वरून, हळूहळू, काहीतरी आत वाकू लागलं. आधी केस. आईचेच, नीट विंचरलेले, खाली लोंबणारे.

टिटवीनं डोळे गच्च मिटले. चाचपडत वायर शोधली, भिंतीत खुपसली, अडकलेला कागद फाडून ओढला आणि दोन्ही हातांनी ट्रे दाबून धरला.

प्रिंटर घुरघुरला. कागद सुरळीत आत गेला.

बऱ्याच वेळानं खरखर मागं फिरली. खुर्ची पुढं सरकली.

७

त्याच रात्री आत्याचा फोन आला. तिला आनंद लपवता येत नव्हता. दादा निघाल्यापासून तापानं फणफणत होता. दुपारी गाडीतच एकाएकी घाम सुटला काय, ताप उतरला काय, आणि आल्या आल्या जेवायला मागितलं काय. झोपलाय आता लहान मुलासारखा. "हवा बदलली ना," आत्या म्हणाली. "मी म्हटलंच होतं."

दुपारी म्हणजे नेमकं कधी, ते टिटवीनं विचारलं नाही.

सोमवारी मुलं आली. जिन्यात त्यांचा गलका ऐकू आला, ढकलाढकली, कोणाचं तरी दप्तर पडलं. बेल वाजली. पुन्हा वाजली. एक चिरका आवाज म्हणाला, ताई घरात आहेत, मशीन वाजतंय. मग समोरच्या काकू बाहेर आल्या, त्यांनी हाका मारल्या, तिच्या फोनवर फोन केला. टिटवीनं कसाबसा निरोप दिला की बरं वाटत नाहीये, आजचा वर्ग राहू द्या. दाराच्या पलीकडे ती सगळी मुलं होती आणि अलीकडे हॉल होता. मुलं जिना उतरून जाईपर्यंत तिनं एकही कागद चुकू दिला नाही.

तेव्हापासून ती तिथंच होती. काम खरंच वाढलं होतं. कधीतरी खंड पडायचा, तेवढ्यात ती पाणी प्यायची, भिंतीला टेकून डोळे मिटायची. तिचे तक्ते लॅपटॉपच्या रांगेत अजून उभे होते.

बाबांचा फोन आला तो असाच एका दुपारी. त्यांचा आवाज तिनं क्षणभर ओळखलाच नाही, इतका तो भरदार झाला होता. मागं कुठंतरी पाखरं ओरडत होती, आत्या कोणाला तरी झापत होती. बाबांनी सांगितलं की ते सकाळी टेकडीपर्यंत चालून आले. वजन वाढलंय. मनगटाची सूज गेलीये. मग त्यांनी विचारलं, तू काकूंकडे आहेस ना?

"हो," टिटवी म्हणाली.

"आणि मशीन?"

"टाकलं मी ते, बाबा. दुरुस्तीवाला घेऊन गेला. तुम्ही उगाच काळजी करू नका." तिचा तळहात ट्रेवर होता. "राहा तिकडे. इतक्यात येऊच नका."

हे बोलताना तिला बरं वाटत होतं. इतक्या दुरून ती कोणाच्या तरी उपयोगी पडायला आली होती, आणि निदान एका माणसाच्या तरी पडली होती.

हॉलमधून टण् झालं.

तिनं फोन छातीशी दाबला, पण उशीर झाला होता. फोन पुन्हा कानाला लावला तेव्हा तिकडे बाबांनी श्वास रोखून धरला होता. पाखरं ओरडत होती. टिटवीनं बोटं उचलली, पण तिच्या आधी, फोनमधून, पाच तासांच्या अंतरावरच्या कुठल्याशा लाकडी टेबलावर, सवयीच्या, सराईत बोटांनी टकटक झाली.

"बाबा, नाही," ती म्हणाली. "तिथं ट्रे नाहीये. तिथं धरायला काही नाहीये."

"माहितीये," बाबा म्हणाले. "ज्यानं टकटक केली त्याचा हात. आता तुझं छापून घे, टिटवे." आणि त्यांनी फोन ठेवला.

प्रिंटरच्या काचेवरचा शब्द बदलला. तयार. लगेच यंत्र घुरघुरलं आणि तिच्या हाताखालून कागद ओढला गेला. तिनं हात काढला तरी ट्रे कलला नाही. पहिला तक्ता बाहेर आला, मोठी काळी अक्षरं, सरळ, सुबक. त्याच्यामागून दुसरा.

हॉलमध्ये खुर्ची मागं सरकली.

टिटवी आत्याचा नंबर लावत राहिली. घंटी वाजत होती, कोणी उचलत नव्हतं. पॅसेजकडे खरखर आलीच नाही. ती खरखर बाहेरच्या दाराकडे गेली. कडी उघडल्याचा आवाज झाला नाही, पण थोड्या वेळानं तो आवाज जिन्यातून येऊ लागला, भिंतीच्या वरच्या कडेनं, एकेक मजला खाली. मग कुंपणाच्या भिंतीवरून. मग रस्त्याच्या दिशेनं, बारीक होत होत, घाई नसलेल्या माणसासारखा.

मागं तक्ते एकामागून एक येत राहिले.